‘मी मुळातच कुचकामी’: पद गेल्यानंतरच्या एका समजुतीचा प्रकरण अभ्यास

हे गृहस्थ समुपदेशनाला आले तेव्हा नोकरी जाऊन सात महिने झाले होते. वय ४३. एका वितरण कंपनीत ते संगणक विभागाचे प्रमुख होते. गोदामांतल्या मालाचा हिशोब ठेवणारी जुनी प्रणाली बदलून नवी आणायचं काम त्यांच्याकडे होतं. नवी प्रणाली सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात नोंदीतला साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळेना. माल अडकला, ग्राहकांचे फोन थेट वरिष्ठांना जाऊ लागले, आणि शेवटी जुन्याच प्रणालीवर परत जावं लागलं. आधी प्रकल्प त्यांच्याकडून काढून त्यांच्याच हाताखालच्या एकाला दिला गेला. काही महिन्यांनी विभागाची पुनर्रचना झाली आणि त्यांचं पदच उरलं नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकसारख्या दोन-तीन प्रकरणांचे धागे इथे एकत्र केले आहेत.)

पत्नीच्या आग्रहावरून ते आले होते. झोप लागत नाही आणि अर्ज करवत नाही, एवढीच तक्रार त्यांनी सांगितली. बायोडाटाची फाईल ते रोज उघडायचे, शेवटच्या नोकरीच्या ओळीपाशी यायचे, अक्षरांचा आकार थोडा बदलायचे आणि फाईल बंद करायचे. सात महिन्यांत एकही अर्ज गेला नव्हता. जुन्या सहकाऱ्यांचे फोन ते उचलत नव्हते. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली की ज्या बैठकीत प्रकल्प काढून घेतला, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यात चालू व्हायची.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची मोजपट्टी भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत एखादा त्रास किती वेळा झाला, याला प्रत्येक प्रश्नात ० ते ३ गुण असतात. जास्तीत जास्त बेरीज २७. त्यांचे गुण १७ आले. १५ ते १९ हा टप्पा मध्यम आणि तीव्र नैराश्याच्या मधला समजतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, आणि तिथे त्यांनी १ लिहिला होता. अशा वेळी आडवळणाने विचारण्यात अर्थ नसतो. सरळ विचारल्याने नको तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. सरळ विचारलं. ‘सकाळी जागच आली नाही तर बरं, असं कधी वाटतं. पण काही करण्याचा विचार नाही,’ असं ते म्हणाले. तरीही विचार वाढले तर कोणाला फोन करायचा आणि कुठे जायचं, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घेतलं, आणि त्यांच्या संमतीने पत्नीलाही सांगितलं. पुढे हा प्रश्न प्रत्येक भेटीत तपासला. थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक होती. मनोविकारतज्ज्ञांशीही भेट घडवली. औषध आणि मानसोपचार हे दोन्ही पर्याय त्यांच्यासमोर ठेवले गेले. त्यांनी आधी मानसोपचार निवडले आणि सहा आठवड्यांनी फरक दिसला नाही तर औषधांचा पुन्हा विचार करायचं ठरलं.

खाली खाली जाणारे प्रश्न

इथे वापरलेली बोधात्मक उपचारपद्धती (कॉग्निटिव्ह थेरपी), म्हणजे त्रास देणारे विचार ओळखून तपासून बघण्याची पद्धत, ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभी केली. ते मूळचे मनोविश्लेषक. नैराश्याच्या मुळाशी स्वतःवरच उलटलेला राग असतो, हे मनोविश्लेषणाचं मत रुग्णांच्या स्वप्नांमधून सिद्ध करता येईल असं त्यांना वाटत होतं. स्वप्नांत राग फारसा सापडला नाही. सापडलं ते अपयश आणि गमावणं. त्यावरून त्यांनी रुग्णांच्या जागेपणीच्या विचारांकडे लक्ष वळवलं. स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल वाईटच दिसत राहणं, हे तिहेरी चित्र त्यांनी मांडलं. या गृहस्थांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या, पण वजन सगळं पहिलीवर होतं. जगाबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. उलट, ‘कंपनीने केलं ते बरोबरच केलं’ असं ते वारंवार म्हणत.

दुसऱ्या भेटीतला हा संवाद जवळजवळ जसाच्या तसा देते.

‘समजा अर्ज पाठवला आणि मुलाखतीला बोलावलं. मग?’

‘विचारतील ना, आधीची नोकरी का सुटली.’

‘विचारलं तर?’

‘प्रकल्प फसला हे सांगावं लागेल.’

‘ते त्यांना कळलं तर त्यात तुमच्या दृष्टीने वाईट काय?’

‘त्यांना कळेल की या माणसाला मोठी जबाबदारी पेलत नाही.’

‘आणि क्षणभर धरून चालू की तसंच आहे. मग ते तुमच्याबद्दल काय सांगतं?’

ते बराच वेळ टेबलाकडे बघत होते. ‘की मी मुळातच कुचकामी आहे, मॅडम. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.’

प्रत्येक उत्तराखाली काय आहे हे विचारत जाण्याच्या या पद्धतीत मध्येच वाद घालायचा नसतो. ‘अहो, असं कसं म्हणता’ म्हणायचा मोह होतो, पण तो आवरावा लागतो, कारण आपण अजून तळाशी पोचलेलो नसतो. इथे तळ लागला तो शेवटच्या वाक्यात. वीस वर्षांचं काम त्यांच्या हिशोबात काम म्हणून जमाच नव्हतं. पकडले न गेल्याची वीस वर्षं, अशी त्याची नोंद होती. ही समजूत किती टक्के खरी वाटते, असं विचारलं. ‘पंच्याण्णव,’ ते म्हणाले.

लहानपणाचा आढावा थोडक्यात घेतला, कारण इथे तेवढाच पुरेसा होता. थोरला भाऊ अतिशय हुशार. या गृहस्थांच्या वाट्याला कौतुक यायचं ते पूर्ण गुण मिळाले तरच, आणि एखादा गुण कमी पडला की पहिला प्रश्न असायचा ‘तो कुठे गेला?’ कोणी मारलं-झोडलं नव्हतं. पण एक नियम तयार झाला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्याच शब्दांत सांगितला: ‘चूक दिसली नाही तरच आपली किंमत.’ नोकरीत या नियमाने त्यांना पुढेही नेलं होतं. सगळं स्वतः दोनदा तपासायचं, उशिरापर्यंत थांबायचं, कोणाला विचारायचं नाही.

आधी हालचाल

पहिले काही आठवडे विचार बदलायला हात घातलाच नाही. सतरा गुण असलेल्या, रात्री दोनपासून जाग्या असलेल्या माणसाला तर्काने समजावणं म्हणजे दोघांचीही दमछाक. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले होते, आणि फक्त दिनक्रमातल्या कृती वाढवणारा भाग संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला होता. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर पुढे भरपूर वाद झाले. रोजच्या कामात मात्र माझ्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे: आधी माणूस अंथरुणातून बाहेर यायला हवा.

म्हणून उठायची वेळ पक्की केली. सकाळी चालणं, दिवसातून एक काम हातावेगळं करणं, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ‘किती बरं वाटलं’ आणि ‘किती जमलं’ असे ० ते १० मधले दोन आकडे. दुपारी बिछान्यात पडून राहणं बंद. रात्रीच्या त्या बैठकीसाठी एक कसोटी ठरवली: दहा मिनिटं विचार केल्यावर पुढची एखादी कृती सुचली का? सुचली तर लिहून ठेवायची. नाही सुचली तर ते नुसतं रवंथ आहे असं समजून उठायचं, दुसऱ्या खोलीत बसायचं आणि झोप आली की परत जायचं. पाचव्या आठवड्यात गुण १३ झाले. झोप सुधारली. समजूत पंच्याण्णवावरच होती.

कंसातले ‘पण’

मग विचारनोंद सुरू केली. प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, भावना आणि तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी दोन्ही बघून काढलेला निष्कर्ष, असा हा तक्ता असतो. त्यांनी तो कार्यालयीन अहवालासारखा टाईप करून आणला, रंगीत रकान्यांसह. विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘आधीचे चार प्रकल्प वेळेत पूर्ण (पण टीम चांगली होती). दोनदा बढती (पण तेव्हा दुसरं कोणी नव्हतं). लेखापरीक्षणातली मोठी चूक शोधली (पण ते माझं कामच होतं).’ शेवटचा रकाना कोरा.

असा तक्ता समोर आला की पुराव्याची यादी लांबवत बसू नये. नऊ पुरावे दिले तर नऊ ‘पण’ येतात. याच उपचारपद्धतीतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पडेस्की यांनी अशा स्व-समजुतींना पूर्वग्रहाची उपमा दिली आहे, आणि तीच इथे उपयोगी पडली. एखाद्या गटाबद्दल ठाम पूर्वग्रह असलेलं कोणी माहीत आहे का, असं विचारलं. लगेच आठवलं: एक जुने साहेब, ज्यांच्या मते तरुण मुलं कामचुकार असतात. एखादा मुलगा रात्री उशिरापर्यंत थांबलेला दिसला तर ते साहेब काय म्हणायचे? ‘म्हणायचे, आज काहीतरी मागायचं असेल याला.’ सुट्टी मागितली तर? ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ सांगताना ते हसले. त्या तक्त्यावर बोट ठेवून मी विचारलं, या कंसांमधला आवाज कोणाचा? ते पुन्हा वाचू लागले, या वेळी सावकाश. त्या दिवशी समजुतीचा आकडा ऐंशीवर आला. फार नव्हे. पण पुरावा कमी असल्यामुळे नव्हे, तर तो आत येताना गाळला जातो म्हणून समजूत टिकते, हे त्यांना स्वतःहून दिसलं होतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्यांचे सगळेच नकारात्मक विचार विपर्यस्त नव्हते. ‘या वयात, या हुद्द्यावर नोकरी मिळायला वेळ लागेल’ हा विचार दुःखद होता, पण चुकीचा नव्हता. त्यावर विचारनोंद भरायला लावणं म्हणजे माणसाला मूर्ख समजणं. तो प्रश्न म्हणून घेतला आणि सोडवायला घेतला: कोणत्या पदांसाठी अर्ज, किती दिवस पुरेल एवढी बचत, एक पायरी खालची जागा चालेल का. सकारात्मक विचार करा, असा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. त्याने त्यांना आणखी एकटं वाटलं होतं, कारण प्रकल्प खरंच फसला होता.

जबाबदारीचं वर्तुळ

सुरुवातीला विचारलं, अपयशात तुमचा वाटा किती? ‘शंभर टक्के. प्रमुख मी होतो.’ मग कागदावर वर्तुळ काढून कारणांची यादी केली. यात एक क्रम पाळतात: स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी लिहायचा, नाहीतर तोच सगळं वर्तुळ खाऊन टाकतो. यादी अशी झाली. वरिष्ठांनी मुदत अलीकडे आणली. जुन्या नोंदींतच वर्षानुवर्षांचा घोळ होता. पुरवठादार कंपनीने चाचण्या अर्धवट ठेवल्या. काही काळ जुनी आणि नवी प्रणाली सोबत चालवावी, ही त्यांची मागणी खर्चाचं कारण देऊन नाकारली गेली. ऐन वेळी दोन अनुभवी माणसं सोडून गेली. प्रत्येकाला त्यांनीच टक्के दिले, तेही हात आखडून. उरले तीस.

‘म्हणजे माझी चूक नव्हती, असं म्हणायचंय का तुम्हाला?’ त्यांचा सूर चिडलेला होता, आणि मला तो बरा वाटला.

‘नाही. तीस टक्के म्हणजे शून्य नाही. त्या तीस टक्क्यांत नेमकं काय आहे?’

तिथे या प्रकरणाची खरी गाठ निघाली. प्रणाली सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी, नोंदी नव्या प्रणालीत चढवून बघताना काही मालाचे आकडे जुळत नाहीत, हे त्यांना कळलं होतं. रात्री, एकट्याला. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. रोज रात्री थांबून ते नोंदी हाताने दुरुस्त करत राहिले, आणि पुरे होईल अशी आशा धरली. का नाही सांगितलं? ‘सांगितलं असतं तर वाटलं असतं, याला जमत नाही.’

‘कुचकामी’ या शब्दाने हे उलगडत नाही. पुरवठादाराच्या लोकांना जे दिसलं नाही ते या माणसाला दिसलं होतं. कमी पडली ती कुवत नव्हे. ज्या नियमाने त्यांना वीस वर्षं सांभाळलं, त्याच नियमाने सहा आठवडे तोंड बंद ठेवलं. म्हणजे स्वतःबद्दलची ती समजूत अपयशातून जन्मलेली नव्हती. अपयशाआधीच ती कामाला लागली होती, आणि नंतर त्याच अपयशाचा दाखला देऊन आणखी पक्की झाली. मला या प्रकरणातली हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘तुमची चूक नव्हती’ असं पटवण्यात उपचार खर्ची पडले असते, तर नियम तसाच शाबूत राहून पुढच्या नोकरीत हजर झाला असता.

करून बघणं

नियम तपासायचा तर तो मोडून बघावा लागतो. वर्तन-प्रयोग आखताना आधी भाकीत लिहायचं, त्यावरचा विश्वास टक्क्यांत लिहायचा, आणि मग प्रत्यक्षात काय घडलं ते शेजारी लिहायचं. भाकीत आधी कागदावर नसेल तर घडून गेल्यावर मन ते सोयीने बदलतं.

सुरुवात लहान ठेवली. ते एका ऑनलाईन प्रशिक्षणवर्गात बसत होते. तिथे सगळ्यांसमोर ‘हे मला समजलं नाही’ असं म्हणायचं. भाकीत: लोकांना वाटेल हा इतका अनुभवी असून याला एवढंही येत नाही, ८५ टक्के. घडलं ते असं की शिक्षिकेने तो भाग पुन्हा सांगितला, आणि आणखी एकाने लिहिलं, ‘मलाही हेच विचारायचं होतं.’ या एका प्रसंगाने कोणाची समजूत बदलत नाही, त्यांचीही बदलली नाही. पण पुढचा प्रयोग करायची तयारी झाली.

तो अवघड होता. तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा, आकडे जुळत नसल्याचं आपल्याला आधीच माहीत होतं हे स्वतःहून सांगायचं, आणि त्यांचं मत विचारायचं. भाकीत: तिघेही तोंडदेखलं बोलतील आणि संबंध तोडतील, ९० टक्के. एकाने फोन उचलला नाही, परतही केला नाही. दुसरा खूप वेळ बोलला. त्यालाही त्याच सुमारास शंका आली होती, तोही गप्प बसला होता. तिसऱ्या बाई रोखठोक होत्या. ‘तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतंत. आम्ही रात्री थांबलो असतो तुमच्यासोबत. राग त्याचा आहे,’ असं त्या म्हणाल्या.

पुढच्या भेटीत ते या तिसऱ्या फोनबद्दलच बोलत होते. लागलं होतं त्यांना, डोळ्यांत पाणी आलं. पण बाईंचा राग कशाचा होता? लायकीचा प्रश्न त्यांनी काढलाच नव्हता. तक्रार होती ती न सांगितल्याची, आणि न सांगणं ही बदलता येण्यासारखी गोष्ट आहे. गोड बोलणाऱ्या फोनपेक्षा हा फोन उपचाराला जास्त उपयोगी पडला, असं माझं मत आहे.

त्यानंतर मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तयार केलं. पहिला मसुदा दोन टोकांचा होता: अर्धा खुलासा, अर्धी माफी. शेवटचा असा ठरला: ‘प्रणाली बदलाचा प्रकल्प माझ्याकडे होता, तो मागे घ्यावा लागला. मुदत आणि नोंदींच्या अडचणी होत्या. माझ्याकडून झालेली चूक म्हणजे तफावत दिसल्यावर मी ती लगेच वर कळवली नाही. आता मी दर आठवड्याला उघड्या अडचणींची यादी सगळ्यांसमोर ठेवतो.’ मोठ्याने म्हणून बघितलं, पहिल्यांदा आवाज कापत होता, नंतर कंटाळा येईपर्यंत म्हटलं. शेवटचं वाक्य खरं ठरावं म्हणून ते एका ओळखीच्या संस्थेच्या छोट्या कामात तशी यादी खरोखर ठेवू लागले.

अशा उपचारांनी नोकरी मिळायला मदत होते का, हा प्रश्न कोणीही विचारेल. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांवरचा ब्रिटनमधला एक अभ्यास १९९७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला होता. बोधात्मक प्रशिक्षण घेतलेल्या गटातल्या ३४ टक्के लोकांना प्रशिक्षणानंतर चार महिन्यांत पूर्णवेळ काम मिळालं होतं, तुलनेच्या गटात १३ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण पहिल्या गटातल्याही बहुतेकांना तोवर काम मिळालेलं नव्हतं, हेही मी समुपदेशनाला येणाऱ्यांना सांगते.

आकडे आणि उरलेलं

नव्या समजुतीसाठी भारदस्त वाक्य शोधायचं टाळलं. त्यांनी लिहिलं: ‘मी चुकतो. चूक वेळेवर सांगणं मला शिकता येतं.’ यावर विश्वास सुरुवातीला २० टक्के. रोज संध्याकाळी या वाक्याला धरून असलेली दिवसातली एक घटना लिहायची, कितीही क्षुल्लक असो, आणि कंसात काही लिहायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांनीच सुचवला.

अर्ज जाऊ लागले. तिसऱ्या नकारानंतर पीएचक्यू-९ सात वरून पुन्हा ११ वर गेला, दोन दिवस ते बिछान्यातच होते. मात्र या वेळी त्यांनी स्वतः फोन करून भेट लवकर मागितली. मदत मागायची नाही, असा नियम असलेल्या माणसाचा हा फोन मी प्रगती म्हणून नोंदवला, गुण वाढलेले असूनही. नियमित भेटी थांबल्या तेव्हा गुण ६ होते, नववा प्रश्न शून्यावर, जुन्या समजुतीवर विश्वास ४० टक्के, नवीवर ६५. पूर्वीपेक्षा एक पायरी खालच्या पदावर ते रुजू झाले होते.

तीन महिन्यांनी पाठपुराव्याची भेट झाली. एका अहवालात चुकीचा आकडा गेला होता आणि तो त्यांनी त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितला होता. वरिष्ठ वैतागले, अहवाल दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागला. वहीत भाकिताच्या रकान्यात ‘जबाबदारी काढून घेतील, ६० टक्के’ असं होतं, शेजारी ‘पुढचा अहवालही माझ्याकडेच’. मात्र त्याच भेटीत दुसरं काही निघालं. त्यांच्या हाताखालच्या एका मुलाने अशीच चूक कबूल केली, तेव्हा हे त्याच्यावर भडकले होते. ‘चूक दिसली नाही तरच किंमत’ हा नियम ते आता स्वतःला कमी लावत होते, इतरांना अजून तसाच लावत होते. त्यासाठी आणखी काही भेटी ठरवल्या आहेत, आणि त्या मुलाशी पुन्हा बोलायचं हा पहिला गृहपाठ आहे.